मामाची लेक, मनू आणि रूढी

मनूच्या हिशेबानं माझ्या वडिलांनी लग्नानंतर चांद्रायण करायला हवं होतं. चांद्रायण म्हणजे महिनाभराचं व्रत. पौर्णिमेला पंधरा घास, मग चंद्राबरोबर रोज एक घास कमी, अमावास्येला कडकडीत उपास आणि पुन्हा एकेक घास वाढवत पौर्णिमा गाठायची. आमचे दादा एका बैठकीत तीन भाकरी मोडणारे, त्यांना काही हे जमलं नसतं. अपराध एवढाच, की त्यांनी मामाच्या मुलीशी लग्न केलं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आतेबहीण, मावसबहीण आणि मामेबहीण या तिघींना एकाच ओळीत बसवलं आहे, आणि शहाण्यानं यांना बायको करू नये असं लगेच पुढच्या श्लोकात बजावलं आहे.

१९५५ चा हिंदू विवाह कायदाही इथं मनूच्याच शेजारी जाऊन बसतो. बहीण-भावांच्या मुलांनी एकमेकांशी लग्न करणं त्यानं निषिद्ध नात्यांत घातलं आहे. असं लग्न मुळातूनच रद्दबातल, वर एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मनूचं व्रत महिन्याचं आणि संसदेची कैदही महिन्याचीच, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी वर्गात एकटीच हसले होते.

मग आईवडिलांचं १९६८ सालचं लग्न टिकलं कशावर? त्याच कलमात पुढे असलेल्या एका अपवादावर : दोन्ही पक्षांना लागू असलेली रूढी परवानगी देत असेल तर. आमच्या साताऱ्याकडच्या कुणबी घरांत मामाची मुलगी करणं ही रीतच. आजी माझ्या आईची सख्खी आत्या. आई तिला लग्नाआधी आत्या म्हणायची आणि नंतरही आत्याच. आत्याची मुलगी करायला मात्र आमच्यात नाक मुरडतात. दिल्या घरची लेक उलटी आणायची नाही, असं आजी सांगायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. म्हणजे आमच्या घरात तीन कायदे नांदत होते, मनूचा, संसदेचा आणि आजीचा. त्यातला चालला आजीचा.

कायद्याच्या परीक्षेत ‘हिंदू कायद्याचे स्रोत लिहा’ हा हमखास येणारा प्रश्न. उत्तर सगळ्यांना पाठ : श्रुती, स्मृती, भाष्यं आणि निबंध (म्हणजे स्मृतिवचनांची संकलनं), आणि चौथ्या क्रमांकावर रूढी. मग ‘आधुनिक स्रोत’ असं उपशीर्षक देऊन न्यायनिवाडे, कायदे आणि सद्सद्विवेकबुद्धी. क्रम चुकला तर मार्क जातात. मीही त्याच क्रमानं लिहून पास झाले. पुढे वकिली केली नाही, बँकेत कर्जदारांच्या जमिनींची कागदपत्रं तपासायच्या कामाला लागले, आणि सात-बारा, फेरफार, वारस नोंदी चाळता चाळता हा क्रम मला संशयास्पद वाटू लागला. विशेषतः आपल्या दख्खनमध्ये. चौथ्या क्रमांकावर बसवलेली ही बाई घरात खरं तर सगळ्यांत आधी आलेली दिसते.

हे शास्त्रकारांनाही ठाऊक होतं. बौधायन धर्मसूत्राच्या अगदी सुरुवातीला एक मजेशीर यादी आहे. दक्षिणेकडच्या लोकांच्या पाच खास चालीरीती : मुंज न झालेल्याबरोबर जेवणं, बायकोबरोबर जेवणं, शिळं खाणं, मामाच्या मुलीशी लग्न आणि आत्याच्या मुलीशी लग्न. उत्तरेकडच्या पाच : लोकर विकणं, मद्य पिणं, वरखाली दोन्हीकडे दात असलेल्या जनावरांचा व्यापार, शस्त्रांवर पोट भरणं आणि समुद्रप्रवास. एका बाजूच्यानं दुसऱ्या बाजूचं आचरण केलं तर दोष, आपापल्या मुलखात मात्र तो मुलूखच प्रमाण, असं बौधायन सांगतो. गौतम या दुसऱ्या धर्मसूत्रकाराला हे मान्य नाही, अशी नोंदही तिथंच आहे. म्हणजे वाद तेव्हाही होता. शिळी पोळी फोडणीला टाकणाऱ्या आणि मामाकडे सोयरीक बघणाऱ्या आपल्या घरांवर दोन हजार वर्षांपूर्वीच कुणी तरी बोट ठेवून ठेवलं आहे, याचं मला कौतुक वाटतं.

पुढे कुमारिल भट्ट या मीमांसकानं आपल्या तंत्रवार्तिक या ग्रंथात तर दक्षिणेकडच्यांची चक्क फिरकी घेतली : ‘स्वमातुलसुतां प्राप्य दाक्षिणात्यस्तु तुष्यति’. मामाची मुलगी मिळाली की दाक्षिणात्य खूष, इतरांचं मन मात्र कचरतं. माधवाचार्य दक्षिणेतले. त्यांनी पराशरस्मृतीवर लिहिताना या लग्नाला थेट वेदाचा आधार शोधून काढला. अर्जुन-सुभद्रेचं उदाहरण तर सगळ्यांच्या समोर होतंच, कारण सुभद्रा म्हणजे कुंतीच्या भावाची, वसुदेवाची मुलगी. आधी लग्नं लागत होती, आधार मागाहून सापडला. मला यात लबाडी दिसत नाही. लोक जे करतात ते पापच आहे असं म्हणण्यापेक्षा ग्रंथात जागा करून देणं, हा या मंडळींचा धंदाच होता, आणि त्यात ते तरबेज होते.

याचा उत्तम नमुना म्हणजे विज्ञानेश्वर. कल्याणीच्या चालुक्यांच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारातला. हे कल्याण म्हणजे बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण, आपल्या सीमेला अगदी लागून. याज्ञवल्क्यस्मृतीवर त्यानं लिहिलेली मिताक्षरा बंगाल-आसाम सोडून जवळपास सगळ्या देशात वारसाहक्काचा पाया ठरली. वाटणीच्या प्रकरणात त्याच्यासमोर एक अडचण आली. स्मृतींत थोरल्या मुलाला जास्तीचा हिस्सा सांगितलेला, आणि व्यवहारात तर तो कुणी देत नाही. स्मृतीला खोटं म्हणता येत नाही आणि लोकांना थोरल्याला जास्त द्या म्हणून सांगता येत नाही. त्यानं याज्ञवल्क्याचंच एक वाक्य काढलं : ‘अस्वर्ग्यं लोकविद्विष्टं धर्म्यमप्याचरेन्न तु’. धर्मात बसणारं असलं तरी लोकांना ज्याची चीड आहे ते करू नये. झालं, विषम वाटणी शास्त्रात आहे, पण करायची नाही. आज गावात भाऊ वेगळे होताना ‘सारखं करा, कुणाचं वाईट नको’ असं पंच म्हणतात, तेव्हा त्यांना विज्ञानेश्वर माहीत नसतो. विज्ञानेश्वराला ते माहीत होते, असं म्हणायला हवं.

आता एक वाक्य आणि त्याची चार माहेरं. वसिष्ठ धर्मसूत्रात म्हटलं आहे की नवऱ्याच्या अनुमतीखेरीज स्त्रीनं मुलगा दत्तक देऊ नये, घेऊही नये. वाक्य एकच, सगळ्या देशात मान्य. प्रश्न असा, की नवरा वारला असेल तर? मिथिलेच्या पंडितांनी म्हटलं, अनुमती दत्तक घेतेवेळी हवी आणि तेव्हा तर नवरा नाही, म्हणून विधवेला दत्तक घेताच येणार नाही. बंगाल आणि काशीकडच्यांनी म्हटलं, नवऱ्यानं हयातीत अनुमती देऊन ठेवली असेल तर चालेल. द्रविड देशात म्हटलं, ती नसेल तर सपिंडांची, म्हणजे भाऊबंदांची संमती पुरे. आणि आपल्याकडे म्हटलं, हे वाक्य नवरा जिवंत असलेल्या बाईसाठी आहे. विधवेला कुणाला विचारायची गरज नाही, नवऱ्यानं मरण्याआधी मनाई केलेली नसली म्हणजे झालं.

व्याकरण चौघांनाही सारखंच येत होतं. माझं मत असं, की प्रत्येकानं आपल्या आसपासच्या विधवा काय करतात ते आधी पाहिलं आणि मग वाक्य वाचलं. हाच मुद्दा १८६८ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलसमोर, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपिलाच्या न्यायालयासमोर, तमिळ मुलखातल्या रामनादच्या जमीनदारीच्या दाव्यात आला. रामनादच्या राणीनं भाऊबंदांच्या संमतीनं दत्तक घेतलेला, आणि सरकारला ते दत्तक नामंजूर करून जमीनदारी बेवारस म्हणून खालसा करायची होती. कौन्सिलनं दत्तक मान्य केलं आणि निकालात लिहिलं की हिंदू कायद्याच्या पद्धतीत चालरीतीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो लिखित वचनापेक्षा भारी पडतो. वकील हे वाक्य आजही जपमाळेसारखं ओढतात. आपल्याकडे ‘शास्त्राद्रूढिर्बलीयसी’ हे फार आधीपासून म्हटलं जात होतं, पण इंग्रजीत आल्यावर त्याला वजन आलं.

विधवेच्या बाजूनं ते वाक्य वाचणाऱ्यांत नीलकंठ भट्ट होता. त्याचं घराणं मूळचं पैठणचं, काशीला जाऊन वसलेलं. सतराव्या शतकात, यमुना-चंबळेच्या संगमाजवळच्या भगवंतदेव नावाच्या राजाच्या आश्रयानं त्यानं मयूख नावाचे बारा ग्रंथ लिहिले. त्यातला व्यवहारमयूख पुढे गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण इथं सर्वांत वरचा मानला गेला. उरलेल्या महाराष्ट्रात मिताक्षरा वर, मयूख तिच्याखाली. काशीत बसून लिहिलेला ग्रंथ काशीत फारसा चालला नाही आणि मुंबईच्या कोर्टात राज्य करून गेला.

मला नीलकंठ आवडतो तो बहिणीमुळे. निपुत्रिकाच्या वारसांची याज्ञवल्क्यानं दिलेली यादी बायको, मुली, आईबाप, भाऊ, पुतणे, मग गोत्रज म्हणजे त्याच गोत्रात जन्मलेले, अशी जाते. बहीण कुठंच नाही. नीलकंठ म्हणतो, बहीणही भावाच्याच गोत्रात जन्मली आहे, तेव्हा तीही गोत्रजच. लग्नानं तिचं गोत्र बदललं असेल, पण धन घ्यायला सगोत्रता लागते असं कुणी सांगितलंय? इतका साधा युक्तिवाद, पण त्यामुळे मुंबई इलाख्यात सख्खी बहीण आजीच्या पाठोपाठ वारस म्हणून येऊन बसली. १८६४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनंही ते उचलून धरलं. मिताक्षरेखालच्या इतर प्रांतांतल्या बहिणींना असं वरचं स्थान मिळायला १९२९ चा कायदा यावा लागला.

चिपळूणजवळ जन्मलेले आणि मुंबईत वकिली केलेले पांडुरंग वामन काणे याच व्यवहारमयूखाची आवृत्ती सिद्ध करत होते. त्याला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राचा थोडक्यात इतिहास द्यावा असं त्यांच्या मनात आलं. तो थोडक्यातला इतिहास १९३० पासून १९६२ पर्यंत पाच खंडांत छापून होत राहिला, आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. प्रस्तावना लांबल्याबद्दल कुणाला बोलण्याआधी मी हे आठवते.

इंग्रज आले तेव्हा बंगालमध्ये वॉरन हेस्टिंग्जनं १७७२ साली ठरवलं की हिंदूंना शास्त्राचा कायदा लावायचा. म्हणजे ग्रंथ शोधा, पंडित नेमा, भाषांतरं करा. तिथं ग्रंथ राजा झाला. दख्खनमध्ये पेशवाई बुडाल्यावर इथला कारभार पाहणाऱ्या एल्फिन्स्टननं वेगळी वाट धरली. इथं तोवर तंटे सुटायचे ते गोतसभेत, म्हणजे गावकरी आणि भाऊबंदांच्या सभेत. महजर म्हणजे निवाड्याचा कागद लिहिला जायचा, पाटील सहीऐवजी नांगराची निशाणी करायचा, आणि साक्ष व्हायची ती चालत आलेल्या वहिवाटीची. एल्फिन्स्टनच्या हुकमानं आर्थर स्टील नावाच्या अधिकाऱ्यानं पुण्यातल्या शास्त्र्यांबरोबरच एकेका जातीच्या पुढाऱ्यांना बोलावून विचारलं की तुमच्यात लग्न कसं, पाट म्हणजे बाईचं दुसरं लग्न कसं, काडीमोड कसा, वाटणी कशी. त्याचं पुस्तक १८२७ साली मुंबईत छापलं गेलं. त्याच वर्षीच्या रेग्युलेशननं न्यायाधीशांना क्रम घालून दिला : आधी सरकारी कायदा, तो नसेल तर त्या मुलखाची चाल, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्सद्विवेकबुद्धी. माझ्या परीक्षेतल्या उत्तराच्या अगदी उलट. इथं चाल वर, ग्रंथ खाली.

इथवर मी रूढीची वकिली केली. पण स्टीलनं जातीजातींत विचारलं म्हणजे कुणाला विचारलं? पाट लावून गेलेल्या बाईला नव्हे. रूढी म्हणून जे कागदावर उतरलं ते पंच काय म्हणाले ते. आणि कागदावर उतरल्यावर ती चाल राहिली नाही, नियम झाली. गोतसभा पुढच्या पिढीत आपलं मत बदलू शकत होती. कोर्टाला मात्र जुनीच रूढी हवी असते. आजही विवाह कायद्यात रूढीची व्याख्या करताना ती दीर्घकाळ, सतत, एकसारखी पाळलेली असावी, निश्चित असावी, अवाजवी किंवा लोकधोरणाविरुद्ध नसावी अशा अटी आहेत. कालच्या ग्रामसभेत ठरलेली चांगली गोष्ट या व्याख्येत बसत नाही.

शिवाय कोणती रूढी वाजवी, हे ठरवणार कोण? १८८० साली मुंबई उच्च न्यायालयासमोर एका नायकिणीच्या, म्हणजे कलावंतिणीच्या, दत्तकाचा दावा आला. नायकिणी मुली दत्तक घेत, आणि घर व मिळकत त्या मुलींकडे जाई. रूढी जुनी होती, याबद्दल फारसा वाद नव्हता. न्यायमूर्ती वेस्ट यांनी भलामोठा निकाल लिहून सांगितलं की अनीतीला पोसणाऱ्या रूढीला न्यायालय मान्यता देणार नाही. त्या मुलींचं काय होत असे हे डोळ्यांसमोर आणलं तर निकालाशी भांडवत नाही. पण बायकांकडून बायकांकडे मिळकत जाण्याची एक जुनी वाट त्यानं बंद झाली, हेही विसरवत नाही. ज्या पुरुषांच्या पैशावर हे सगळं चालत होतं त्यांच्या वारसाहक्काला धक्का लागला नाही.

पाटाचं असंच. कुणब्या-माळ्यांत विधवेचा पाट लागायचा तो रात्री, वाजंत्रीविना, पण लागायचा, आणि मुलं औरस ठरायची. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा ज्यांच्यात हे निषिद्ध होतं त्यांच्या मुलींसाठी झाला. त्यात एक कलम होतं, की पुन्हा लग्न केलेल्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाईल. ज्या जातींना या कायद्याची गरजच नव्हती त्यांच्या बायकांनाही हे कलम लागू का? अलाहाबादचं न्यायालय म्हणालं नाही, मुंबईचं म्हणालं हो. सुधारणा एका घरात आणि तिची वसुली दुसऱ्या घरात.

गोव्याची गोष्ट आणखी निराळी, तिच्यावर स्वतंत्र लिहायला हवं. गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, रीतिभाती अफोन्सु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं १५२६ मध्येच लिहून घेतल्या. पुढे पोर्तुगालचा १८६७ चा दिवाणी कायदा आला, तरी १८८० साली हिंदूंच्या चालीरीतींची वेगळी संहिता काढावी लागली. बायकोला पंचविशीपर्यंत मूल झालं नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसरं लग्न करायची मुभा तीत लिहून ठेवली आहे. मुलगा आणि मुलगी यांना सारखा वारसा देणाऱ्या त्या कायद्याच्या पोटात ही रूढी पोर्तुगीजांनी जपून ठेवली.

१९५५-५६ च्या कायद्यांनी रूढीची बहुतेक दारं बंद केली. आंबेडकरांना सगळं एका संहितेत हवं होतं. ते झालं नाही, १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि नंतर त्याचे चार वेगळे कायदे झाले. वारसा कायद्यात जुनी वचनं आणि रूढी एका कलमासरशी बाद झाल्या. विवाह कायद्यात मात्र खिडक्या राहिल्या : विधी तुमच्या चालीनुसार, काडीमोड रूढीनं होत असेल तर तोही शाबूत, आणि मामाची मुलगी. दत्तक कायद्यातही पंधरा वर्षांवरचा किंवा लग्न झालेला मुलगा घ्यायचा असेल तर रूढी दाखवावी लागते. नीलकंठाला तर लग्न होऊन मूल झालेला माणूसही दत्तक चालत होता. ती खिडकी बहुधा त्याच्यासारख्यांसाठीच.

पण बँकेतल्या टेबलावर मला जी रूढी सर्वांत जिवंत दिसली ती कुठल्याच कलमात नाही. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये मुलीला जन्मानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हिस्सा दिला. फाइल उघडली की वारस नोंदीत बहिणींची नावं दिसतात, आणि पुढच्याच फेरफाराला ती उडालेली. मध्ये एक हक्कसोडपत्र, रीतसर नोंदवलेलं. मोबदल्याच्या जागी ‘प्रेमापोटी’. ज्या बहिणीला नीलकंठानं यादीत ओढून आणलं, कायद्यानं भावाच्या रांगेत बसवलं, ती दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा टेकवून यादीबाहेर पडते. माहेर तुटू नये म्हणून. माझ्या आईनंही केलं. तिच्या बाबतीत भाऊ आणि सासर यांचं रक्त एकच, मग बोलणार कुणाला? ‘आपल्यात घेत नाहीत’ एवढंच ती म्हणाली. मी कायदा सांगितला, तर तिनं शांतपणे विचारलं, ‘तू घेतलास का?’ मी घेतलेला नाही.

रूढी बदलत नाही असं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं इतर गावांना तसं करा म्हणून सांगितलं. गोतसभेचं काम ग्रामसभेनं केलं, आणि या वेळी बाया हजर होत्या.

आदिवासींना हे वारसा कायदे लागूच नाहीत. तिथं आजही रूढी हाच कायदा. एका गोंड बाईच्या वारसांनी आजोबांच्या जमिनीत तिचा हिस्सा मागितला. खालच्या न्यायालयांनी तो फेटाळला, कारण बायकांना वाटा मिळतो अशी रूढी त्यांनी सिद्ध केली नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रश्न उलटा केला : बायकांना वाटा मिळत नाही अशी रूढी असेल तर ती तुम्ही दाखवा. ती कुणालाच दाखवता आली नाही.